जिताड्याचे पिल्लू आणि कोरडे खाद्य : एका प्रश्नाचा आढावा

महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतून उतरणारी सावित्री महाडच्या परिसरात आली म्हणजे तिचे रूप पालटते. गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी पोटात घेऊन ती येथून पुढे खाडी होते, आणि बाणकोटच्या मुखातून आत शिरणारी समुद्राची भरती थेट येथवर येऊन टेकते. या भरतीच्या आधारावरच महाड आणि दासगाव ही गावे एके काळी बंदरे म्हणून नांदली, आणि याच मार्गाने समुद्र व गोडे पाणी यांच्यामध्ये येरझारा घालणारे मासे आजही खाडीत वावरतात. त्यांपैकी ज्याच्या नावाभोवती रायगड जिल्ह्याचा, म्हणजे जुन्या कुलाब्याचा, विशेष अभिमान गुंफलेला आहे तो मासा म्हणजे जिताडा. शास्त्रज्ञांचा लेटिस कॅल्कॅरिफर, बंगाल्यांची भेटकी, गोमंतकीयांचा चोणक आणि ऑस्ट्रेलियातील बॅरामंडी हा एकच मासा होय. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो, निमखाऱ्या व गोड्या पाण्यात वाढतो आणि वयात आल्यावर प्रजननासाठी पुन्हा खाडीच्या मुखाकडे परततो. प्रथम तो नर असतो, आणि वय वाढल्यावर त्याचे मादीत रूपांतर होते.

असा मासा समुद्रापासून दूर असलेल्या महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांत, शेततळ्यांतून आणि टाक्यांतून वाढवावा, ही कल्पना आता अव्यवहार्य राहिलेली नाही. परंतु तिचे सारे भवितव्य अशा एका टप्प्यावर अवलंबून आहे की, जो या तालुक्यांपासून शेकडो कोस दूर, किनाऱ्यावरील एखाद्या हॅचरीच्या टाकीत, पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ओलांडला जातो. जिवंत भक्ष्यावर जगणाऱ्या इवल्या पिल्लाला कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या खाद्यावर आणणे, म्हणजेच खाद्यांतर, हा तो टप्पा. केवळ जिताडाच नव्हे, तर शेतीखाली आलेल्या बहुतेक सागरी माशांच्या बाबतीत हा प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षे संशोधकांपुढे उभा आहे. त्यावर परस्परविरोधी मते मांडली गेली, काही मावळली, काहींचा समन्वय झाला आणि काही गोष्टी अद्याप अनिर्णित आहेत. या साऱ्याचा ताळेबंद मांडणे, आणि तो मांडताना आपल्या तालुक्यांच्या गरजेकडे दृष्टी ठेवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जिवंत भक्ष्याची परंपरा

जिताड्याचे अंडे सुमारे ०.८ मिलिमीटर व्यासाचे असते. अठ्ठावीस ते तीस अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात ते सतरा-अठरा तासांत फुटते, आणि बाहेर पडणारे पिल्लू दीड मिलिमीटरच्या आसपास लांबीचे असते. त्याला प्रारंभी ना तोंड असते ना धड दृष्टी. पोटाशी असलेल्या बलकाच्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काढते. तोंड उघडते तेव्हा अन्नमार्ग म्हणजे एक सरळ नळी असते. जठर नसते, त्यामुळे जठरातील आम्ल आणि पेप्सिन हे पाचक द्रव्यही नसते. शिवाय पिल्लाची शिकारीची प्रेरणा हालचालीने जागी होते. जे हलत नाही ते त्याच्या लेखी अन्न नव्हे. तोंड सूक्ष्म, पचनसंस्था अपूर्ण आणि भक्ष्य सचेतन असण्याची अट, अशा तिहेरी अडचणीतून मार्ग काढावा लागत असल्यामुळेच सागरी माशांचे बीजोत्पादन रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातील माशांच्या मानाने उशिरा साध्य झाले.

या अडचणीवरील पहिला मोठा तोडगा आर्टेमिया नावाच्या, मिठागरांत वाढणाऱ्या कवचधारी जीवाने पुरविला. त्याची नवजात पिल्ले माशांच्या पिल्लांना उत्तम खाद्य ठरतात, ही गोष्ट १९३३ साली अमेरिकेत सील यांनी आणि १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन यांनी निदर्शनास आणली. आर्टेमियाची सुप्त अंडी वाळवून डब्यात भरून दीर्घकाळ ठेवता येतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली असता सुमारे एका दिवसात फुटतात. पाहिजे तेव्हा जिवंत खाद्य हाती देणारी अशी सोय दुसरी नाही. आपल्याकडे मुंबईच्या वडाळा मिठागरांत आर्टेमिया आढळल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली केली. मत्स्यखात्याचे संचालकपद भूषविलेल्या आणि पुढे लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावाकाठी महसीर माशाच्या प्रजननाचे काम उभारणाऱ्या या संशोधकाच्या नोंदीचा पाठपुरावा महाराष्ट्राच्या मिठागरांत पुरेसा झाला नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

आर्टेमियाचे पिल्लू सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते. नुकतेच तोंड उघडलेल्या बहुतेक सागरी पिल्लांना ते गिळता येत नाही. ही उणीव रोटिफर या त्याहूनही सूक्ष्म प्राण्याने भरून काढली. जपानमध्ये इतो यांनी १९६०च्या सुमारास त्याची उपयुक्तता दाखविली आणि त्याच दशकात तांबड्या समुद्र-ब्रीम माशाच्या बीजोत्पादनात त्याचा वापर रूढ झाला. प्रथम सूक्ष्म शैवाल वाढवावे, त्यावर रोटिफर पोसावेत, आठवडाभराने आर्टेमिया द्यावा, ही साखळी आज जगातील हॅचऱ्यांची सर्वसामान्य रीत झाली आहे. तथापि या रीतीची एक विषम बाजू लवकरच उघडकीस आली. शैवालाऐवजी बेकरीतील स्वस्त यीस्टवर पोसलेले रोटिफर पोटभर खाऊनही पिल्ले घाऊक प्रमाणात मरू लागली. तोक्यो येथील वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सागरी पिल्लांना डीएचए व ईपीए ही दीर्घशृंखल मेदाम्ले आहारातूनच मिळावी लागतात आणि यीस्टवरील रोटिफरांत ती जवळजवळ नसतात. तेव्हापासून जिवंत भक्ष्य पिल्लांना देण्यापूर्वी मत्स्यतेलाच्या दुधाळ मिश्रणात ठेवून पुष्ट करण्याची पद्धत पडली. जिवंत आहे म्हणून ते परिपूर्ण आहे, ही समजूत येथेच ढळली.

कोरड्या खाद्याचा आग्रह

जिवंत भक्ष्याच्या साखळीचा खर्च मोठा आहे. एका माशाच्या पिल्लासाठी शैवाल, रोटिफर आणि आर्टेमिया अशी तीन पिके एकाच वेळी उभी ठेवावी लागतात. त्यांतील एक बुडाले की त्या खेपेची पिल्ले गेली. आर्टेमियाच्या अंड्यांचा जागतिक पुरवठा प्रदीर्घ काळ अमेरिकेतील युटा राज्याच्या महाक्षार सरोवरावर विसंबून राहिला, आणि तेथील हंगाम हुकला की दूरच्या देशांतील हॅचऱ्यांचे हिशेब कोलमडले. शिवाय जिवंत भक्ष्याबरोबर व्हिब्रिओ जातीचे जंतू टाकीत शिरतात, हे निराळेच. म्हणून तोंड उघडल्या दिवसापासूनच पिल्लाला कोरडे सूक्ष्मकण खाद्य देता आले तर हा सारा खटाटोप वाचेल, असा आग्रह धरणारा एक पक्ष १९७०च्या दशकापासून पुढे आला.

पहिले प्रयत्न फसले. पिल्ले खाद्याचे कण गिळत, त्यांचे पोट भरलेले दिसे, आणि तरीही ती उपाशी मरत. या गूढाचा उलगडा दोन प्रकारांनी करण्यात आला, आणि त्यातूनच या विषयातील मुख्य वाद जन्मला.

पहिल्या मताप्रमाणे दोष पिल्लाच्या अपुऱ्या पचनशक्तीत होता. जिवंत भक्ष्याच्या शरीरातील पाचक द्रव्ये पिल्लाच्या अन्ननलिकेत सुटतात आणि त्याचे पचन त्या उसन्या द्रव्यांवरच चालते. कोरड्या खाद्यात ती नसल्यामुळे ते जसेच्या तसे बाहेर पडते, असे लाउफ व होफर यांनी आणि दाब्रोव्स्की यांनी १९८४ साली मांडले. हे मत साहजिकच पटण्याजोगे होते, आणि त्याच्या आधारे खाद्यात बाहेरून पाचक द्रव्ये मिसळण्याचे प्रयोगही झाले. काहींत वाढ सुधारली, काहींत नाही.

दुसऱ्या मताचे प्रमुख पुरस्कर्ते फ्रान्समधील ब्रेस्ट येथील इफ्रेमेर या सागरी संशोधन संस्थेतील शांताल कायू आणि होसे-लुइस झाम्बोनिनो-इन्फान्ते हे होत. त्यांच्या मते पिल्लाच्या अन्नमार्गात ट्रिप्सिनसारखी स्वतःची पाचक द्रव्ये अगदी आरंभापासून असतात आणि भक्ष्याकडून मिळणाऱ्या द्रव्यांचा वाटा नगण्य असतो. जपानी तारलीच्या पिल्लांवर १९९८ साली झालेल्या मोजणीतही हा वाटा एक टक्क्याहून कमी भरला. म्हणजे उणीव पिल्लात नसून खाद्याच्या घडणीत होती. अख्ख्या प्रथिनांऐवजी काही भाग आधीच तुकडे केलेल्या, अर्धपाचित प्रथिनांचा असावा; मेद केवळ तेलाच्या रूपाने न देता फॉस्फोलिपिडांच्या रूपाने, खाद्याच्या सुमारे दहा-बारा टक्के इतक्या भरघोस प्रमाणात द्यावा; असे केले असता युरोपीय समुद्री बास माशाचे पिल्लू तोंड उघडल्यापासून केवळ सूक्ष्मकण खाद्यावर जगू व वाढू शकते, हे त्यांनी दाखविले आणि २००१ सालच्या आपल्या समीक्षेत सविस्तर मांडले.

या मताच्या बाजूने पडणारे एक साधे प्रमाण आपल्या महाड तालुक्यातच डोळ्यांपुढे आहे. काळ नदीवरील वाळण कोंडीत देवीच्या नावाने राखलेले महसीर मासे भाविकांनी टाकलेले कुरमुरे पाण्यावर येऊन खातात. महसीर हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, आणि या साऱ्या कुळाला जन्मभर जठर नसते; तरीही ते धान्य पचवितात. जठराचा अभाव हेच कोरडे अन्न न पचण्याचे एकमेव कारण मानता येत नाही, एवढे तरी त्यावरून स्पष्ट व्हावे. अर्थात पूर्ण वाढलेला महसीर आणि दीड मिलिमीटरचे सागरी पिल्लू यांच्या आतड्यांत महदंतर आहे, आणि हे प्रमाण त्यापलीकडे ताणणे योग्य होणार नाही.

इफ्रेमेरच्या निष्कर्षांनी पारडे फिरविले, यात संशय नाही. परंतु त्यांनी वाद मिटविला असे म्हणता येत नाही. समुद्री बास हा तुलनेने मोठ्या तोंडाचा व दणकट पिल्लांचा मासा आहे. ग्रुपरसारख्या अतिसूक्ष्म तोंडाच्या माशांत किंवा हॅलिबटसारख्या थंड पाण्यातील माशांत तसे यश सरसकट मिळालेले नाही. शिवाय केवळ कोरड्या खाद्यावर वाढलेली पिल्ले जगली तरी जिवंत भक्ष्यावरील पिल्लांच्या मागे पडतात, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

पाण्यातील कणाचे भौतिकशास्त्र

या वादात एक गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे खाद्याच्या कणाची भौतिक अवस्था. पाव मिलिमीटरहून लहान कणाच्या आकारमानाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ प्रचंड असते. तो पाण्यात पडताच त्यातील मुक्त अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे व इतर विद्राव्य पदार्थ काही मिनिटांत झिरपून जाऊ लागतात. ज्या अर्धपाचित प्रथिनांचा इफ्रेमेरने पुरस्कार केला, तीच सर्वांत अधिक विरघळणारी असावीत, हा यातील मोठा पेच आहे. विरघळलेले पदार्थ पाण्यात जंतूंना पोसतात, आणि तळाशी साचलेले कण कुजून अमोनिया वाढवितात. यावर उपाय म्हणून कणाला बांधून ठेवणारे जिलेटिन वा अल्जिनेट वापरावे, की कणाभोवती प्रथिनांचे वा मेदाचे वेष्टन घालावे, याविषयी दोन संप्रदाय आहेत. वेष्टन घट्ट केले तर झिरप थांबते, परंतु तेच वेष्टन पिल्लाच्या कोवळ्या आतड्याला फोडता येत नाही. जिवंत रोटिफर मात्र आपले सारे पोषण स्वतःच्या त्वचेआड सांभाळतो, पाण्यात हलत-डुलत राहतो आणि पचायलाही मऊ असतो. तिन्ही गुण एकत्र साधणारा कृत्रिम कण अजून सर्वमान्य झालेला नाही.

कोपेपॉडांचा पक्ष

या दोन पक्षांहून वेगळी वाट धरणारा तिसरा पक्ष असे म्हणतो की, समुद्रात माशांची पिल्ले रोटिफर व आर्टेमिया सहसा खात नाहीत. ती प्रामुख्याने कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारींची पिल्ले खातात. मग आपणही तीच का वाढवू नयेत? कोपेपॉडांत डीएचए भरपूर असते आणि तेही फॉस्फोलिपिडांच्या रूपाने. आर्टेमिया मात्र पुष्ट केल्यावर मिळालेल्या डीएचएचा काही भाग स्वतःच ईपीएत परत रूपांतरित करून टाकतो. नॉर्वेतील हॅलिबटची आर्टेमियावरील पिल्ले सदोष रंगाची व सदोष नेत्रस्थानांची निघाली आणि कोपेपॉडांवरील पिल्ले निर्दोष निघाली, हे या पक्षाचे सर्वांत भक्कम प्रमाण होय. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम केंद्राने स्थानिक कोपेपॉडांच्या शुद्ध पैदाशी उभ्या केल्या आहेत. हरकत एवढीच की, कोपेपॉडांचे पीक रोटिफरांइतके दाट येत नाही, आणि व्यापारी प्रमाणावर रोज कोट्यवधींची गरज भागविणे अजून थोड्यांनाच जमले आहे. तथापि चांगले भक्ष्य आधी मिळाले तर पुढचे खाद्यांतर सुलभ होते, ही या पक्षाची शिकवण आता सर्वच पक्षांनी स्वीकारली आहे.

समझोता : दोन्ही एकत्र

हॅचरीचालकांनी मात्र पंडितांचा निवाडा होईपर्यंत वाट पाहिली नाही. त्यांनी १९९०च्या दशकात जो मार्ग रूढ केला तो समझोत्याचा आहे. जिवंत भक्ष्य एकाएकी बंद न करता काही दिवस त्यासोबतच सूक्ष्मकण खाद्य द्यावयाचे, आणि एकाचे प्रमाण घटवीत दुसऱ्याचे वाढवावयाचे, असा हा क्रम. बाळाच्या उष्टावणानंतरही आईचे दूध जसे महिनोनमहिने चालू राहते, त्याच न्यायाचा तो आहे. पिल्ले सर्वांत भुकेली असतात तेव्हा, म्हणजे पहाटे, प्रथम कोरडे खाद्य द्यावे आणि आर्टेमिया नंतर. खाद्य दिवसातून अनेक वेळा, थोडेथोडे, हाताने किंवा संथ पट्ट्यावरून पडेल असे द्यावे. पाण्याला हळुवार प्रवाह ठेवावा, म्हणजे कण हलत राहतात. तळ रोज साफ करावा. आणि कणाचा आकार पिल्लाच्या तोंडाबरोबर वाढवीत न्यावा. ही बारीकसारीक पथ्ये कोणत्याही गाजलेल्या सिद्धांताइतकीच यशाला कारण होतात, असे आमचे मत आहे. एकत्र आहारामुळे केवळ सवय लागते असे नाही, तर भक्ष्याच्या सान्निध्यात कोरड्या खाद्याचे पचनही सुधारते, असे काही प्रयोग सांगतात. का सुधारते, याविषयी मात्र एकमत नाही.

जिताड्याचा विशेष

या पार्श्वभूमीवर जिताड्याकडे पाहिले असता तो भाग्यवान म्हणावा लागतो. त्याचे पिल्लू तिसऱ्या दिवशी रोटिफर आणि आठव्या-नवव्या दिवसापासून आर्टेमिया घेते. त्याचे जठर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकारास येते. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते मासळीच्या बारीक कुटलेल्या मांसावर किंवा सूक्ष्मकण खाद्यावर येऊ शकते. थायलंडने १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याचे कृत्रिम बीज काढले. ऑस्ट्रेलियाने पुढील दशकात त्यात भर घातली आणि एक निराळीच पद्धतही रूढ केली. तेथे खत घालून प्लवंग वाढविलेल्या खाऱ्या तळ्यांत पिल्ले सोडून देत, निसर्गच त्यांना कोपेपॉड पुरवी, आणि तीनेक आठवड्यांनी ती धरून टाकीत कोरड्या खाद्यावर आणीत. कमी खर्चाची व सशक्त पिल्ले देणारी ही पद्धत, परंतु तळ्यातील जगणुकीवर नियंत्रण नाही. टाकीतील पद्धत नियंत्रित, परंतु महाग. हा वादही मिटलेला नाही. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संशोधन संस्थेने १९९७ साली बंदिस्त प्रजनकांपासून जिताड्याचे बीज मिळविण्यात यश मिळविले, आणि पुढे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यशेती केंद्रानेही तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हॅचरी उभारली. केंद्रीय सागरी संस्थेने मंडपम येथे २०१० साली कोबिया आणि २०११ साली रुपेरी पॉम्पानो यांचे बीज काढले, ते याच साखळीतील पुढील दुवे होत.

जिताड्याचा विशेष त्याच्या भक्षक स्वभावात आहे. खाद्यांतराच्या त्याच आठवड्यांत तो आपल्याच भावंडांना गिळू लागतो, आणि स्वतःच्या लांबीच्या साठ टक्क्यांहून अधिक लांबीचे भावंडही त्याच्या तोंडात मावते. म्हणून दर काही दिवसांनी चाळणीसारख्या साधनाने आकारवार निवड करून लहान-मोठी पिल्ले वेगळी करावी लागतात. या गोष्टीचा एक परिणाम असा की, कोरडे खाद्य न स्वीकारणारी दुर्बळ पिल्ले मेलेली दिसतच नाहीत. ती दांडग्या भावंडांच्या पोटात जातात, आणि शेवटी उरलेली सर्व पिल्ले कोरडे खाद्य खाणारी दिसतात. यशाचे जे आकडे प्रसिद्ध होतात, ते अंड्यांपासून मोजले आहेत, खाद्यांतराच्या पहिल्या दिवसापासून, की शेवटच्या निवडीनंतर उरलेल्यांपासून, हे पाहिल्यावाचून दोन हॅचऱ्यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

जे अनिर्णित आहे

खाद्यांतर झाले, हे केव्हा म्हणावे, याची सर्वमान्य व्याख्याच नाही. कण तोंडात घेणे, तो न थुंकणे, त्यावर जगणे आणि त्यावर अपेक्षित वेगाने वाढणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिलीवर असलेले पिल्लू चौथीवर पोहोचलेलेच आहे असे समजून अनेकदा बीज विकले जाते. पोषणाच्या बाजूने टॉरिन, आयोडीन, फॉस्फोलिपिड व जीवनसत्त्व अ यांचे नेमके प्रमाण जातीजातीगणिक किती असावे, याचे उत्तर अपुरे आहे. जीवनसत्त्व अ कमी पडले काय अथवा अधिक झाले काय, दोन्हींचा परिणाम मणक्याच्या व जबड्याच्या विकृतींत दिसू शकतो. या विकृती पिल्लूपणी नजरेत भरत नाहीत, त्या महिन्यांनी प्रकट होतात. तोपर्यंत बीज शेतकऱ्याच्या तळ्यात गेलेले असते. लहानपणच्या आहाराचा ठसा माशाच्या पुढील वाढीवर व पचनावर कायमचा उमटतो काय, आणि तसे असल्यास वनस्पतिजन्य प्रथिने पुढे पचावीत म्हणून त्यांची सवय आधीच लावता येईल काय, यावर युरोपात प्रयोग चालू आहेत. जिताड्याच्या पिल्लांना याच कोवळ्या वयात चेतासंस्था पोखरणारा बीटानोडा विषाणू गाठतो. खाद्यांतराचा ताण आणि हा रोग यांचा परस्परसंबंध किती, हेही अद्याप उलगडलेले नाही.

महाड-पोलादपूरची गरज

अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताडा पाळण्याची परंपरा जुनी आहे. बांध आणि उघाड्यांनी राखलेल्या खारजमिनीच्या तळ्यांत पावसाळ्यात खाडीतून आणलेले बीज सोडावे, कोलीम, जवळा व बारीक मासळी खाऊ घालावी, आणि दोन-तीन वर्षांनी मोठा मासा काढावा, अशी ती रीत. तेथे कोरड्या खाद्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण भक्ष्य खाडीच पुरवीत होती. मात्र निसर्गातून मिळणारे बीज अनिश्चित असते, आणि ओल्या मासळीवर एक किलो जिताडा वाढविण्यास पाच-सहा किलो किंवा अधिक मासळी लागते, तर चांगल्या कोरड्या खाद्याचे दीड-दोन किलो पुरतात.

महाड व पोलादपूर येथे परिस्थिती याहून वेगळी आहे. हॅचरीला अठ्ठावीस ते बत्तीस सहस्रांश क्षारतेचे स्वच्छ समुद्रजल लागते. ते येथे नाही. सावित्रीच्या खाडीचे पाणी तर परीक्षणावाचून घेऊच नये, कारण महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी त्याच खाडीत जाते. पोलादपुरात पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो, परंतु डोंगरउतारावरील तळी फाल्गुन-चैत्रात आटतात. म्हणून अस्तर घातलेले तळे किंवा पाणी फिरवून वापरणारी टाकी हाच येथे पर्याय, आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा टाक्यांना साहाय्याची तरतूद आहे. दोन-एक इंचांची बोटुकली क्रमाक्रमाने गोड्या पाण्यात सरावते, ही जिताड्याची देणगीच या तालुक्यांना त्याचे दार उघडून देते. पण येथे स्वस्त ओली मासळी नाही. किनाऱ्यावरून ती बर्फात घालून घाटाच्या पायथ्यापर्यंत आणणे परवडणारे नाही, आणि कुजकी मासळी टाकीत पडली तर पाणी बिघडते. तात्पर्य, किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला अर्धवट सवयीचे बीज मिळाले तर तो जवळ्यावर वेळ मारून नेईल; महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्यापुढे तसा आसरा नाही. त्याच्याकडे आलेले बोटुकले कोरडे तरंगते खाद्य पहिल्याच आठवड्यात घेणार नसेल, तर ते आपल्या शेजाऱ्याला खाईल, आणि हंगाम तेथेच संपेल.

म्हणून जिवंत भक्ष्य पूर्णपणे वगळता येईल की नाही, हा विद्वानांचा प्रश्न कितीही मोलाचा असला तरी, या तालुक्यांच्या दृष्टीने तो दुय्यम आहे. हॅचरीत रोटिफर-आर्टेमिया वापरले काय किंवा कोपेपॉड वापरले काय, इकडच्या शेतकऱ्याला फरक पडत नाही. पिल्लू चौथी पायरी खरोखर ओलांडून आले आहे की नाही, याने पडतो. ती खात्री आज बीजाच्या व्यवहारात तोंडी आश्वासनावर चालते. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांनी मिळून जिताड्याच्या बीजासाठी एक साधा दाखला ठरवावा, आणि मत्स्यखात्याने अनुदानित प्रत्येक खरेदीस तो सक्तीचा करावा, अशी आमची शिफारस आहे. बीजाचे वय, शेवटचे जिवंत भक्ष्य दिल्याची तारीख, त्यानंतर केवळ कोरड्या खाद्यावर काढलेले दिवस, त्या दिवसांतील वजनवाढ, कणाचा आकार आणि शेवटची आकारवार निवड केव्हा झाली, एवढा तपशील त्यात पुरे. तो दाखला अस्तित्वात येईपर्यंत महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याने हॅचरीच्या टाकीशी स्वतः उभे राहून आपल्या समक्ष कोरडे खाद्य टाकवावे, बोटुकली ते गिळतात की थुंकतात हे पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.